विद्युद्रथाचा कस

४ जानेवारी २०२६, रविवार

स्वस्ति श्री. अखिल विटानगरीतील संस्कृताध्यापकांचे मुकुटमणी, इयत्ता आठवी ते दहावी या त्रैलोक्याचे शास्ते, विभक्तिप्रत्ययांचे आश्रयदाते, शिक्षक-कक्षातील पंख्याखालच्या खुर्चीचे निर्विवाद अधिपती, सेवानिवृत्तीस अवकाश असलेले परंतु गुडघ्यांना तो अवकाश मान्य नसलेले, आमच्या गल्लीतील आद्य व अद्याप एकमेव विद्युद्रथाचे स्वामी श्रीमान वीरधवल यांच्या आज्ञेवरून, त्यांच्याच हस्ते, त्यांच्याच अवलोकनार्थ ही दैनंदिनी आज सुमुहूर्तावर आरंभिली आहे.

सौभाग्यवती अंजना यांनी चहाचा कप ठेवता ठेवता वरील परिच्छेद वाचला. "एवढं तर आमच्या म्हसवडच्या रथावर बी लिवत न्हाईत," असा अभिप्राय देऊन त्या स्वयंपाकघरात अंतर्धान पावल्या. माहेरच्या सिद्धनाथाचा रथ हे त्यांचे सर्व वस्तूंसाठीचे परिमाण आहे.

आरंभास कारण घडले ते असे. रथ विकावा, हा विचार दृढ होत आहे. सहा वर्षांपूर्वी ही विजेवरची मोटार दारात आली तेव्हा गल्ली लोटली होती. कंपनीने बॅटरीला आठ वर्षांची हमी दिली, आणि त्याच दिवसापासून सर्व सुज्ञांनी मला एकमुखाने सांगितले की नवव्या वर्षी बॅटरी देह ठेवते, नव्या बॅटरीला अर्ध्या गाडीचे मोल पडते आणि तोवर गाडी भंगारवालाही दारात उभी करून घेत नाही. तात्पर्य, गाडीचे मूल्य म्हणजे बॅटरीचे उर्वरित आयुष्य. बॅटरीला मोजके श्वास असतात आणि प्रत्येक चार्जिंग हा त्यांतला एक, हे ओळखून मी पहिल्या दिवसापासून संयम पाळला. शाळेत पायी जातो. रथ बाहेर पडतो तो रविवारी, किंवा विवाहादी मंगलकार्यास.

इतके व्रतस्थ जीवन जगूनही बॅटरी ढासळत आहे. विकायचा तर आत्ताच, हमीची दोन वर्षे शिल्लक असताना.

६ जानेवारी, मंगळवार

सायंकाळी शाळेतून येऊन नित्याप्रमाणे रथात बसलो व टक्के पाहिले. रविवारी शंभर केले होते. आज एक्केचाळीस. रथ पत्र्याच्या छपराखाली जागचा हललेला नाही.

आणखी एक उपद्रव. चालकाचे आसन आपोआप पुढे सरकते. बसताना उजवा गुडघा सुकाणूच्या खालच्या बाजूस असा आपटला की बालपणीचे सर्व धातुपाठ आठवले. अंगण रस्त्याकडे उतरते आहे. त्या उतारामुळे आसन पुढे घरंगळत असावे.

९ जानेवारी, शुक्रवार

पुनश्च तोच प्रकार. काल पंचाण्णव, आज अडतीस. मागील काही आठवड्यांचे निरीक्षण जुळवून पाहता घसरण मंगळवारी आणि शुक्रवारीच होते, असे ध्यानात आले. मंगळ व शुक्र या दोन ग्रहांचा लिथियम या धातूशी काही संबंध असावा काय? ज्योतिषावर माझा विश्वास नाही. पण ज्योतिषाचा माझ्यावर असू शकतो.

एकूण किती अंतर तोडले ते पाहण्याची सोय उरलेली नाही. वेगदर्शकाखाली जेथे तो आकडा उमटतो, नेमक्या त्याच जागी गेल्या वर्षी सौ.नी सिद्धनाथाचे छायाचित्र चिकटवले. देव किंचित डावीकडेही बसू शकला असता. पण भक्तीच्या भूगोलात मी ढवळाढवळ करीत नाही, आणि मला टक्क्यांशीच कर्तव्य आहे.

मागच्या आसनावर एक लहानशी उशी सापडली. सावरीच्या कापसाची, अतिशय मऊ, एका बाजूने दाराच्या आकाराप्रमाणे कापलेली. सौ.ना सुशोभनाची हौस आहे.

१० जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. परतताना शेजारी चांदसाहेबांच्या गादी कारखान्यात टेकलो. कारखाना म्हणजे एक पिंजण्याचे यंत्र, चांदसाहेब, आणि दोघांवरही कापूस. त्यांच्या पत्नी नूरजहांभाभी यांची मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा मिरजेला यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. प्रकृती विचारली.

"बरी हाय आता," चांदसाहेब म्हणाले. "गेल्या साली तासगावात एस.टी.त उभ्यानं चक्कर येऊन पडली, तवा मी घाबरलोच हुतो, सर. यंत्रावनं उठल्यावर अंगात जीव ऱ्हात न्हाई. आता गाडीची सोय झालीया. पाठीमागं आडवी पडून येती."

"कोणाची गाडी?"

"हाय एक." ते यंत्राच्या पट्ट्याकडे पाहू लागले. "देवमानूस हाय."

अशा सज्जनांनी नाव गुप्त ठेवावे हेच शोभते. मला थोडे खजील वाटले. गेल्या वर्षी माझ्याही मनात आपला रथ देण्याचे आले होते. परंतु ज्या बॅटरीचा मलाच भरवसा नाही, तिच्यावर एका आजारी स्त्रीला निर्मनुष्य रस्त्यावर अडकवून ठेवायचे? तो विचार मी पोटातच ठेवला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ वाटप सुरू असताना, गोड प्रसंग पाहून सौ.ना सांगितले, "रथ विकण्याचे निश्चित केले आहे."

त्यांनी हातातला लाडू डब्यात परत ठेवला. "का?"

मी बॅटरीची क्षयव्याधी सविस्तर निवेदन केली: मंगळवारची घसरण, शुक्रवारची घसरण, हमीचा उत्तरकाल, भंगारवाल्याची उदासीनता.

"बॅटरीला काय बी झालेलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"ते तुला कसे ठाऊक?"

त्यांनी डब्याचे झाकण घट्ट लावले. स्त्रियांचा आशावाद निराधार असतो, पण त्यात एक सौंदर्य असते.

दुपारी नूरजहांभाभी तिळगूळ घ्यायला आल्या. फार वाळल्या आहेत. डाव्या हाताला पट्टी. जाताना छपराखाली थांबून त्यांनी रथाच्या मागच्या दारावरची धूळ पदराने पुसली. परक्याच्या वस्तूविषयी इतकी आस्था क्वचित दिसते.

१७ जानेवारी, शनिवार

ग्राहक मिळाला. तानाजीशेठ, गलाईवाले. आमच्या विट्याचे अर्धे पुरुष परप्रांतांत सोने गाळतात. हे त्यांपैकी कोइमतूरचे. गावी असलेल्या वृद्ध वडिलांसाठी त्यांना बिनगिअरची, बिनधुराची मोटार हवी आहे. उद्या येतील.

मनात द्वंद्व आहे. बॅटरीची घसरण सांगावी की न सांगावी? न सांगितल्यास मूल्य बरे येईल. सांगितल्यास ते येणार नाहीत. आठवीच्या वर्गात फळ्यावर 'सत्यमेव' इत्यादी मीच लिहिले आहे, आणि ते पुसण्याचे डस्टर दोन दिवसांपासून सापडत नाही. हा संकेत मानावा काय?

१८ जानेवारी, रविवार

सांगितले. चहाचा पहिला घोट होण्यापूर्वीच सांगून टाकले, अन्यथा दुसऱ्या घोटानंतर धीर राहिला नसता.

तानाजीशेठ शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "सर, पंचवीस वर्सं सोनं गाळतोय. येनारा परत्येक मानूस म्हनतो, चोख हाय. आमी हो म्हनतो, आन आटवून बगतो. माल खोटा हाय म्हनून सांगनारं गिऱ्हाईक तुमी पयलं."

"मग आता व्यवहार होणार नाही, हे मी समजतो."

"का न्हाई? तुमी म्हनताय म्हनून चोख मानला नसता, तसाच तुमी म्हनताय म्हनून खोटा बी मानत न्हाई. सांगलीत जाऊ, बॅटरीचा कस लावू. कस खाली आला तर भाव खाली, वर आला तर वर. आमच्या धंद्याची रीत हाय ती."

माझ्या निवेदनावर विसंबून त्यांनी एक मामुली आकडा आधारभाव म्हणून धरला आणि विसार दिला, नारळ आणि सुपारीसह. मी तो घेतला. विसार घेऊन विकणाराच मागे फिरला तर दुप्पट परत करायचा, हा इकडचा दंडक त्यांनी हसत आठवून दिला. मागे फिरण्याचे मला काय कारण?

सौ.नी नारळ देव्हाऱ्यात न ठेवता फळीवर ठेवला.

२० जानेवारी, मंगळवार

टक्के चव्वेचाळीस. आता आश्चर्य वाटत नाही.

चांदसाहेब फाटकापाशी आले. "सर, गाडी इकली म्हनं?"

"विसार घेतला आहे. रविवारी परीक्षण, मग हस्तांतरण."

"हां. इका की. तुमची चीज हाय." त्यांनी बाहीवरचा कापूस झटकला. "तासगावावनं मिरजंला जानारी सकाळची एस.टी. कवा असती, काय ठावं हाय का?"

मला सर्व वेळापत्रक मुखोद्गत असल्याने मी त्यांना पहिली, दुसरी आणि थेट अशा तिन्ही गाड्या सांगितल्या, शिवाय उजव्या बाजूला बसल्यास ऊन लागत नाही हेही. ते म्हणाले, "बसाय मिळाल्यावर." त्या देवमाणसाच्या वाहनाचे काय झाले, हे विचारायचे राहून गेले.

रात्री भाजीत मीठ नव्हते. निदर्शनास आणले असता सौ. म्हणाल्या, "व्हय." एवढेच.

२५ जानेवारी, रविवार

आज जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण अन्य कोणत्या पद्धतीने लिहावे हे मला कळत नाही.

सकाळी रथ घेऊन सांगलीस गेलो. तानाजीशेठ तेथे आधीच पोहोचले होते. कार्यशाळेत उत्कर्षा नावाची अभियंता, माझीच माजी विद्यार्थिनी. दहावीत संस्कृतमध्ये तिला जे गुण मिळाले त्यांचा उल्लेख दोघांनीही टाळला. तिने एक तार रथाला जोडली, पटलावर आकडे उमटले, आणि पुढची तपासणी होईपर्यंत तानाजीशेठ वितळत्या मुशीकडे पाहावे तसे पटलाकडे पाहत राहिले.

"ब्याण्णव टक्के," उत्कर्षा म्हणाली. "नवी होती तेव्हाच्या ब्याण्णव. बॅटरी उत्तम आहे, सर. अजून दहा वर्षं तरी हिच्याकडे बघावं लागणार नाही, असं मला वाटतं."

"परंतु ती उभ्या उभ्या निम्म्याने उतरते."

"उभ्या उभ्या नाही उतरत. चालवल्यावर उतरते. चौपन्न हजार किलोमीटर झालेत. एवढं कुठं फिरता?"

"चाळीसच्या वर असणे अशक्य आहे. तुझ्या यंत्रात दोष आहे."

"तो आकडा गाडीतला आहे, सर. माझ्या यंत्रातला नाही."

तानाजीशेठ मांडीवर थाप मारून उठले. "सहा वर्सांत आठ टक्के घट. एवढी घट तर बाया पाटल्या घासून घालवत्यात." आणि रीतीप्रमाणे त्यांनी भाव वर नेला, आधारभावाच्या जवळजवळ दुप्पट. जुन्या विजेच्या गाड्यांना आता लोक बॅटरीचा कस पाहून मोल देऊ लागले आहेत, हमीची तारीख पाहून नव्हे, असे उत्कर्षानेही सांगितले. मी विजयी मुद्रेने परतायला हवे होते. परंतु ते चौदा हजार किलोमीटर तासगावपासून माझ्या मागे लागले होते.

सायंकाळी सौ. भाकरी थापत होत्या. मी म्हणालो, "सांगलीच्या यंत्राने फार मोठी चूक केली आहे. चौदा हजार किलोमीटर जास्त दाखवले."

"चूक न्हाई. मी चालवली."

"काय?"

"गाडी." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "मंगळवार-शुक्रवार. तुमी शाळंत गेल्यावर भाभीला मिरजंला नेती. तुमी यायच्या आत परत."

"तुला चालवता येते?"

"आदल्या सालच्या दिवाळीच्या सुट्टीत शाळंच्या पटांगणात तुमीच शिकवली की."

"मी तर तेव्हा म्हणालो होतो की ही विद्या तुला प्रसन्न होणार नाही."

"तुमी म्हनला. तिनं ऐकलं न्हाई."

"आणि परवाना?"

"ओळखपत्राला हुईल म्हनून तुमीच काढून दिला."

माझ्या सर्व आक्षेपांचा उगम माझ्यापाशीच सापडत होता. एकच प्रश्न उरला, तो विचारला. "मला का सांगितले नाहीस?"

त्यांनी भाकरी उलटली. "आवं, तुमी न्हाई म्हनला नसता. ते मला ठावं हाय. पर तुमी कुनी बसायच्या आधी टक्के बगता, उतरल्यावर टक्के बगता. भाभी उतरल्या आसत्या आन तुमी तितं वाकून बगितलं आसतं, तर त्या दुसऱ्यांदा बसल्या नसत्या. चांदभाई तर तिला घिऊन परत एस.टी.नं गेलं आसतं."

मी म्हणालो, "विसार घेतला आहे."

"घेतला तर इका. गाडी तुमची हाय. आमी बगू काय तरी."

या प्रसंगाला साजेशी एखादी उपमा शोधत मी बराच वेळ बसलो. मिळाली नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

किरकोळ रजा टाकली. कारण: 'रथपरीक्षण'. मुख्याध्यापकांनी काही विचारले नाही. ते माझ्या अर्जांना घाबरतात.

सौ. चालवीत होत्या. मी शेजारी. तासगावपर्यंत माझा उजवा पाय जमिनीवर अखंड ब्रेक दाबीत होता, हे मान्य करतो. त्यानंतर पायाने आपले अधिकार सोडले. सौ. माझ्यापेक्षा बरे चालवतात. खड्डा त्यांना माझ्या आधी दिसतो आणि बैलगाडीवाल्याला त्या हॉर्न देत नाहीत, थांबतात.

मला पाहून भाभी गाडीपाशी घुटमळल्या होत्या. "सर, तुमास्नी रजा काढाय लागली." मी म्हणालो की मिरजेस मला तंतुवाद्ये पाहावयाची आहेत. मिरजेत तंतुवाद्ये असतातच, त्यामुळे हे पूर्ण असत्य नव्हे.

यंत्रावरून उठल्यावर त्या वेगळ्याच दिसत होत्या, पिंजलेल्या कापसासारख्या. परतताना मागे आडव्या झाल्या. ती सावरीची उशी दाराच्या खाचेत चपखल बसते. पट्टीचा हात तिच्यावर राहतो. चांदसाहेबांनी माप घेऊन केली असणार, आणि तेही माझ्या अंगणात, माझ्या रथात, मी वर्गात सप्तमी शिकवीत असताना.

विद्युद्रथाला इंजिनाचा आवाज नसतो. हे मी सहा वर्षे सर्वांना अभिमानाने सांगत आलो. त्याचा उपयोग आज कळला. मागे झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. तासगाव ते विटा आम्ही दोघेही तोच ऐकत होतो.

टक्के पाहिले नाहीत. घरी आल्यावर पाहिले, पण भाभी आत गेल्यानंतर, आणि सौ. पाहत नसताना.

१ फेब्रुवारी, रविवार

तानाजीशेठांना बोलावले. दुप्पट विसार नारळासह पुढे केला.

त्यांनी नारळ उचलून हालवला. "काय झालं? भाव कमी वाटला?"

"भाव उत्तम होता. वाहन अन्यत्र कार्यरत असल्याचे निष्पन्न झाले आहे."

त्यांना काही उलगडले नाही. तेवढ्यात छपराखाली सौ. आणि भाभी मागचे आसन झटकत होत्या, उशीला ऊन देत होत्या. तानाजीशेठांनी तिकडे पाहिले, भाभींच्या हाताची पट्टी पाहिली, चहा संपवला.

"चूक माजीच हाय," ते म्हणाले. "खोटा हाय म्हनून इकत हुता तवाच घ्यायचा. कस लावून दिला, आन मालकाला कळलं चोख हाय. चोख माल कोन इकतं?" विसार म्हणून स्वतः जेवढे दिले होते तेवढेच त्यांनी खिशात घातले, वरचे परत सरकवले. "हे ऱ्हाऊ द्या. पर कवा इकायचीच झाली तर पयलं मला. दहा वर्सांनी बी चालंल. म्हाताऱ्याला तंवर थांबाय सांगतो."

संध्याकाळी चांदसाहेबांनी नवीकोरी उशी आणून दिली, पुढच्या आसनासाठी. "सरांसाठी," म्हणाले. गुडघ्याखाली घ्यायची की पाठीमागे, हे सांगितले नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर नोंद नाही; विशेष काही घडले नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी टक्के उतरले. ग्रह निर्दोष सुटले आहेत.

सिद्धनाथाचे छायाचित्र काढून डावीकडे लावावे, असे मी सुचवले. सौ. म्हणाल्या, "देव हलवत न्हाईत." देव आहे तिथेच आहे.

आसनाचा प्रश्न मात्र जैसे थे. शेवटच्या चालकाने उतरताना आसन मूळ स्थानी नेऊन ठेवावे, असा नियम मी मांडला. मूळ स्थान कोणाचे, यावर एकमत झाले नाही. सौ.चे म्हणणे, बसणाऱ्याने सरकवून घ्यावे. आसनाखालची दांडी माझ्या हाताला अर्ध्यात अडकते. त्यांच्या हाताला अडकत नाही, असे त्या म्हणतात. उत्कर्षाला दूरध्वनी केला. तीही म्हणाली, "मॅडमना तर कधी अडकली नाही." म्हणजे सौ.ची आणि तिची ओळख पूर्वीपासूनची आहे आणि त्या दिवशीचा 'एवढं कुठं फिरता?' हा प्रश्न केवळ देखावा होता, असे दिसते. चांदसाहेबांची उशी गुडघ्याखाली घेऊन पाहिली, पाठीमागे घेऊन पाहिली. आज सकाळी उंब्रजला साडूकडे जाण्यासाठी बसलो आणि उजवा गुडघा पुन्हा नेमक्या त्याच जागी आपटला. सूज आहे. तेल लावले आहे. दांडीचे काय करायचे, ते अद्याप कोणीही ठरवलेले नाही.